शेंदराखालचा नंबर

"खिलारे, हे काय लावलंय?"

कस्टमचे पेडणेकर साहेब गुडघे टेकून पेटीत वाकले होते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात कागद. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं.

"शेंदूर, साहेब."

"ते मलाही दिसतंय. नंबर कुठाय?"

"त्याच्याखाली असेल."

साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. विमानतळावरची मालाची शेड दुपारची तापली होती. वरचे पंखे नुसते फिरत होते. चार हमाल पेटीभोवती उभे होते. शेंदूर म्हटल्याबरोबर त्यांतल्या दोघांनी पायांतल्या चपला मागे सारल्या.

पेटी ट्रंकेएवढी, पत्र्याची. आत उपग्रहावरून बोलायचा फोन होता. राखाडी रंगाचं यंत्र, छत्रीसारखी उघडणारी अँटेना, काळा रिसीव्हर आणि दोन जड बॅटऱ्या. यंत्राच्या वरच्या अंगाला कोरीव अक्षरांची एक पट्टी असते. त्या जागी आता बोटभर जाडीचा शेंदराचा थर होता, तेलानं चकाकत होता, आणि त्यात झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या रुतल्या होत्या.

मी तेव्हा एका दूरसंचार कंपनीच्या आयात-निर्यात खात्यात होतो. परदेशातून यंत्रं आली की ती कस्टममधून सोडवायची आणि परत जायची असली की पाठवायची, हे माझं काम. त्याआधी गोदीत पाठीवर ओझी वाहिली. अक्षर लागलं ते सत्ताविसाव्या वर्षी, गोदी कामगारांच्या वर्गात. उशिरा शिकलेला माणूस सावकाश वाचतो. नंबर वाचताना मी प्रत्येक आकड्याखाली बोट ठेवायचो. पेडणेकर साहेब थट्टा करायचे, पण थांबायचे.

हे यंत्र आमचं नव्हतं. सावरटेक नावाच्या डोंगरातल्या वाडीवर श्रावणात दरड कोसळली, रस्ता वाहून गेला, तारा तुटल्या. तेव्हा परदेशातल्या एका कंपनीनं ते मदतीसाठी उसनं दिलं होतं. अशा मालाला कस्टम एक सवलत देतं. जकात नाही, पण ठरल्या मुदतीत तो परत गेला पाहिजे. आणि तोच गेला पाहिजे. येताना अधिकारी यंत्रावरचा नंबर टिपून घेतात, जाताना तोच नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघतात. दिसला तर सही. नाही दिसला तर यंत्र परत गेलंच नाही, असं धरलं जातं. वाडीचा रस्ता व्हायला उशीर झाला म्हणून आम्ही मुदत एकदा वाढवून घेतली होती. ती त्या दिवशी संपत होती.

"खरवडा की," साहेब म्हणाले. "बघत काय बसलात?"

मी हमालांकडे पाहिलं. एकानं हात मागे बांधले. दुसरा म्हणाला, "आपण नाही बा. कुणाचा काय नवस असेल."

खोकी फाडायचं पातं माझ्या खिशात असायचं. ते काढलं, पण हात पुढे जाईना. मीही घाटावरचाच. एवढा थर एका दिवसात चढत नाही, हे मला कळत होतं. कुणीतरी रोज लावत होतं.

"साहेब, टेम्पोवाल्याला विचारून येतो."

"विचारा. पण चार वाजता विमानाचा माल घेणं बंद होतं. त्यानंतर मी काही करू शकणार नाही."

टेम्पो फाटकाबाहेर उभा होता. इब्राहिम मुल्ला बॉनेटवर बसून बिडी ओढत होता. सावरटेकहून पेटी त्यानंच आणली होती. मला बघून त्यानं बिडी विझवली.

"झालं का मामा?"

"कुठलं होतंय! त्या मशीनला शेंदूर कुणी फासला?"

इब्राहिमनं अंगठा मागे केला. टेम्पोच्या हौद्यात, सावलीच्या कडेला एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, कपाळ मोकळं. मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी, न सोडलेली.

"ही कोण?"

"बायजाबाई. वाडीचीच. पेटी चढवली तशी हीबी चढली. म्हटलं, मावशे, मुंबईला चाललोय, उतर. घाटाच्या तोंडाशी उतरवली, तर पुढच्या वळणावर आडवाटेनं येऊन उभी! म्हणली, त्याला एकट्याला न्हाई सोडायची. मग काय करतो? बसवली."

"त्याला म्हणजे कुणाला?"

"मला काय विचारता? मी मुसलमान माणूस, मी काय सांगू त्यातलं? तिलाच विचारा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि ते पातं आत ठेवा आधी."

ते हातातच राहिलं होतं. तिनं ते पाहिलं होतं.

"त्येनं खरवडणार व्हय?" ती म्हणाली.

मी पातं खिशात टाकलं आणि हौद्याच्या फळीला टेकून उभा राहिलो. "नाही बाई. पण खरवडावा तर लागणार आहे."

"का? काय वंगाळ केलंय त्येनं तुमचं?"

"त्याच्याखाली नंबर आहे. तो दिसला नाही तर मशीन परत जात नाही."

"मग नका पाठवू. हाय तर ऱ्हाऊ द्या."

"आमचं नाही ते. परक्याचं आहे. मागून आणलेलं."

"मला बी मागून आणलेलंच हाय सगळं," ती म्हणाली. "पत्रा सरकारचा, भांडी कुणाकुणाची. ती न्हाई कुणी परत मागितली."

इब्राहिम हसला. मला हसू आलं नाही. मी फाटकाजवळच्या फोनवरून ऑफिसला फोन लावला. आमच्या खात्याच्या मोठ्या बाई फ्रेनी मॅडम. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"शेंदूर?" त्या म्हणाल्या. "खिलारे, तू मस्करी करतोस काय?"

"नाही मॅडम. बाई इथं येऊन बसलीय. तिच्या देखत जबरदस्ती करावी असं वाटत नाही."

"जबरदस्ती करू नको. पण मशीन आज जायला पाहिजे, समजलास? एकदा मुदत वाढवून दिली कस्टमवाल्यांनी, ते माझ्या शब्दावर. उद्या परत कुठे पूर आला, डोंगर पडला, तर मी पुन्हा त्यांच्या दारात जाणार, बोलणार, हे सोडा, परत पाठवते. तेव्हा ते काय बोलणार? मागचा पाठवला काय? बस. मग मशीन इथेच पडून राहणार आणि तिकडे माणसं बोंबलणार. तू त्या बाईला सांग हे."

"सांगतो."

"आणि तिला चा पाज. काय खाल्लं नसेल तिने."

मी टपरीवरून तीन चहा आणले. बायजाबाईनं कप दोन्ही हातांत धरला, पण प्यायली नाही.

"बाई, माझं गाव पाटणच्या अलीकडचं," मी म्हणालो. "आमच्याकडं बांधावर ठाणी असतात. अवेळी गेलेल्या माणसाची. दगडाला शेंदूर लावून बसवतात."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"वीर म्हणत्यात," ती म्हणाली.

"हो. वीर."

चहावर साय धरली.

"माझा ल्योक ग्यानू," ती म्हणाली. "लगीन ठरलं हुतं. दरडीत सापडला. गावातल्या पोरांनी उकरून काढला जिता. घोंगड्यात घालून डोंगर उतरून नेला, मग गाडीनं कराडला. मी गेले न्हाई. कशी जाणार? सासू जिती हुती त्या वक्ताला, तीबी अडकलेली. रस्ता कुठं हुता? मग तुमची लोकं आली ही प्याटी घिऊन. शाळंच्या वट्यावर छत्री उघडली. सायबानं दवाखान्याला लावून दिला आन् माझ्या कानाला धरला."

"बोलला?"

"बोलला की. ग्यानूच बोलला. चांगला खणखणीत. तांबडी म्हशीला वरच्या पाण्यावर नेऊ नगं म्हणला. मी नुसती हां हां केलं. दुसरं कायबी तोंडातनं निघंना. मागं रांग लागलेली, म्हातारीकोतारी, सगळ्यांना कुणाकुणाचं इचारायचं. मी दिऊन टाकला रिशीवर." तिनं कप खाली ठेवला. "दुसऱ्या दिवशी निरोप आला. तितंच नदीवर केलं त्येचं, गावच्या माणसांनी. मी तोंड बघितलं न्हाई, राख बघितली न्हाई. मग सांगा, त्येला कुठं बसवू? जितं शेवटचा हुता तितंच बसवायचा ना?"

इब्राहिम टेम्पोच्या आडोशाला जाऊन उभा राहिला होता.

"पण त्या पट्टीवरच का लावलात?" मी विचारलं. मला खरंच समजून घ्यायचं होतं.

"तितंच तर कोरलेलं हुतं कायतरी. बाकी डबा सगळा सपाट. कोरलेलं असतंय तेच तोंड."

मला गोदीतले दिवस आठवले. पेट्यांवर काळ्या रंगात छापलेलं असायचं. मी पाठीवर घेण्याआधी त्यावर हात फिरवायचो. काय लिहिलंय ते कळायचं नाही, पण पेटीला तोंड आहे असं वाटायचं. ते मी तिला सांगितलं नाही. मॅडम बोलल्या ते सांगितलं, साध्या शब्दांत. ही पेटी परत गेली तरच दुसरी येईल. नाहीतर पुढच्या वेळी विमानतळावरच अडकेल.

"पुढच्या येळी म्हंजी?"

"कुठंही दरड पडली की."

तिनं फाटकाकडं पाहिलं. आत मालाच्या गाड्या फिरत होत्या.

"म्हंजी तितल्या बायांना फोन न्हाई."

"नाही मिळणार. उशिरा मिळेल."

ती भाकरीच्या फडक्याची गाठ बोटानं चाचपत राहिली. मी घड्याळाकडे पाहत नव्हतो, पण तीन वाजून गेलेत हे फाटकावरच्या गर्दीवरून कळत होतं.

"ठाणं हलवता येतंय," अखेर ती म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखी. "धरणात गाव गेलं तवा माझ्या म्हायेरच्यांनी हलवलेली. शेंदूर काढून दुसऱ्या दगडाला लावायचा. पर त्यो घरच्या माणसानं काढायचा. हातानं. लोखंड न्हाई लावायचं."

"मग काढा तुम्ही."

"दगड कुठं हाय?"

मी आणि इब्राहिम दगड शोधायला निघालो. मुंबईत एवढे डोंगर फोडले, पण त्या आवारात एक धड दगड नाही. सगळं सिमेंट. मी रस्त्याकडेची खडी उचलून आणली. तिनं ती हातात घेऊनही पाहिली नाही.

"ह्यो सुरुंगानं फोडलेला. त्येला कडा हाईत. पाण्यातला पायजे, हात लावला तर मऊ लागणारा."

"मावशे, आता मुंबईत वढा कुठनं आणू?" इब्राहिम म्हणाला. मग कपाळावर हात मारून टेम्पोच्या मागच्या चाकाशी वाकला आणि चाकाखाली टेकण म्हणून लावलेला दगड ओढून काढला. नारळाएवढा, काळा, गुळगुळीत. "ह्यो बघ. तुमच्याच वढ्यातला. गेल्या खेपेला चढावर गाडी मागं यायला लागली तवा उचललेला."

"चाकाखालचा व्हय रं मुडद्या!"

"धुऊन देतो की!"

ती हसली. तोंडावर पदर घेतला, पण हसली. "दे हिकडं. धुते मीच."

आता दुसरी अडचण उभी राहिली. शेडच्या दारात जमिनीवर पिवळा पट्टा आहे. माल एकदा त्या पट्ट्याच्या आत गेला की बाहेर येत नाही आणि बाहेरचा माणूस परवान्याशिवाय आत जात नाही. परवाना काढायचा तर दुसऱ्या इमारतीत जावं लागतं, आणि तिथली खिडकी जेवणानंतर उघडते ती आपल्या मर्जीनं.

मी पेडणेकर साहेबांना सगळं सांगितलं. ते कागद वारा घेण्यासाठी हलवत होते, ते हलवायचे थांबले.

"आई आहे?"

"हो."

"आणि लोखंड लावायचं नाही."

"नाही."

"खिलारे, सोळा वर्षं कस्टममध्ये काढली. लोकांनी काय काय लपवलेलं पाहिलं. देव लपवलेला नव्हता पाहिला." ते उठले. "पेटी पट्ट्यापर्यंत आणा. पट्ट्याच्या आतच राहील. मी इथं उभा आहे. बाईंना म्हणावं, हात आत चालतील. पाय नकोत."

हमालांनी पेटी ढकलत आणली. या वेळी त्यांनी चपला काढल्या होत्या. बायजाबाई पट्ट्याच्या अलीकडे मांडी घालून बसली. धुतलेला दगड तिनं मांडीवरच्या फडक्यावर ठेवला होता. भाकरी इब्राहिमच्या हातात होती. कँटीनमधून मी वाटीत गोडेतेल आणलं होतं.

"ऊठ बाबा," ती यंत्राला म्हणाली. "तुला हलवायचाय."

तिनं अंगठ्याच्या नखानं कडेनं थर सोडवायला सुरुवात केली. कपच्या निघाल्या, त्या तिनं फडक्यात धरल्या. एकही खाली सांडू दिली नाही. थर आतून आणखी लाल होता. रोजचा हात दिसत होता त्यात, एकावर एक. साहेब कमरेवर हात ठेवून उभे होते. दुसऱ्या कुठल्या मालाचा एजंट आपले कागद घेऊन घाईनं आला आणि काही न विचारता बाजूला थांबला.

शेवटी पट्टीवर नुसता केशरी डाग राहिला. तो तिनं तेल लावून पदरानं पुसला. अक्षरं वर आली.

"वाचा," साहेब म्हणाले.

मी वाकलो, आकड्यांखाली बोट ठेवलं आणि एकेक मोठ्यानं वाचत गेलो. साहेब कागदावर पेन टेकवत होते. बायजाबाई ऐकत होती.

"जुळला," साहेब म्हणाले.

"काय लिवलंय त्येच्यावर?" तिनं विचारलं.

"नंबर आहे. मशीनचा."

"कुणाचं नाव न्हाई?"

"नाही."

"मला वाटायचं असंल." तिनं मान हलवली. वाईट वाटल्यासारखी नाही. काहीतरी ठरल्यासारखी. तिनं कपच्या तळहातावर चुरल्या, तेल घालून मळल्या आणि दगडाच्या माथ्यावर लावल्या. दगडाला तोंड नव्हतं. जिथं बोट पडलं तिथं तिनं ते केलं.

साहेब एकेक जिन्नस मोजून पेटीत ठेवायला लागले. अँटेना. बॅटऱ्या. वायर.

"रिसीव्हर," ते म्हणाले आणि हात पुढे केला.

तो बायजाबाईनं उचलला होता.

"बाई, त्यात आता काही येणार नाही," मी हळूच म्हणालो. "वायर काढलीय."

"मला ऐकायचं न्हाई," ती म्हणाली. "मला सांगायचंय. तवा नुसती हां हां केलं मी."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हात मागे घेतला.

तिनं रिसीव्हर कानाला लावला, लोक लावतात तसा, डोकं थोडं तिरकं करून. दुसरा हात मांडीवरच्या दगडावर होता.

"ग्यानू," ती म्हणाली. "तू सांगितलंस तशी तांबडीला खालच्याच पाण्यावर नेते. वर भेग हाय, वर नेत न्हाई. रेडकू झालंय तिला. तुझ्या सांगण्यानं वाचली ती. वरची वाट परवाच्या पावसात गेली सगळी." तिनं दगडावरून हात फिरवला. "आणि म्हातारी गेली. तिला तुझं कळलं नव्हतं. मी सांगितलं न्हाई. बरं केलं का न्हाई, ते मला ठावं न्हाई."

बाहेर एक विमान उतरत होतं. त्याचा आवाज जाईपर्यंत ती थांबली, पलीकडच्या माणसाला ऐकू जाणार नाही म्हणून थांबावं तशी.

"बाकी सगळं बरं हाय," ती म्हणाली. "ठेवते."

तिनं रिसीव्हर त्याच्या खोबणीत ठेवला. नीट बसलाय का, हे हात लावून पाहिलं. मग हात पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर घेतला आणि पेडणेकर साहेबांना म्हणाली, "आता न्या."